धान्य कुणाच्या घरी थांबतं?



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांची माझी भेट एकदाच झाली. याच पुण्यात, एका शाळेच्या पटांगणात. आमच्या गटातल्या सहा-सात शेतकऱ्यांची तूरडाळ घेऊन मी पहिल्यांदाच शहरात विकायला आलो होतो. सरांचं आयुष्य ग्राहक चळवळीत गेलेलं. त्यांनी डाळीचा एक दाणा दाताखाली फोडला आणि विचारलं, "गावाकडं अजून किती आहे?" म्हटलं, "नऊ क्विंटल तूर भरडायची बाकी आहे." "ती विकली जाईपर्यंत ठेवणार कुठं?" भाव विचारला नाही, प्रमाणपत्र विचारलं नाही. मला तो प्रश्न जरा गावंढळच वाटला. शहरातल्या शिकलेल्या माणसानं काहीतरी मोठं विचारावं अशी माझी अपेक्षा होती. आषाढात त्या तुरीच्या पोत्यांची तोंडं उघडली, तेव्हा दाण्यादाण्याला भोक होतं आणि माडीच्या भिंतीवर भुंगे चालत होते.

मला आज विषय दिलाय 'सेंद्रिय धान्याचं मार्केटिंग आणि शेतकऱ्यापुढची अनिश्चितता'. मार्केटिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं पाकीट येतं, त्यावरचं हिरवं पान येतं, बैलाचं चित्र येतं. मला त्या नऊ क्विंटलच्या पोत्यांबद्दल बोलायचं आहे.

आधी बाजार समितीत जाऊ. आडत्याच्या गाळ्यापुढं रास ओतलेली असते. खरेदीदार येतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, बोटानं पसरतो. ओल किती, माती-खडा किती, बारीक दाणा किती, डागी किती हे त्याला दहा सेकंदांत कळतं. अशी नजर कमवायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि त्या नजरेचा मला आदर आहे. पण त्या तळहातावर एक गोष्ट दिसत नाही. या दाण्यावर फवारा पडला होता की नाही, हे कितीही मुरलेल्या व्यापाऱ्याला सांगता येणार नाही. मग तो जे दिसतं त्याचा भाव करतो, आणि दिसण्यात आमचा माल बरेचदा मागं पडतो. शेंगा पोखरणाऱ्या अळीनं थोडी नक्षी केलेली असते, दाणा एकसारखा नसतो. बोली लागते, पट्टी हातात येते, हमाली-तोलाई वजा होते आणि दोन-तीन वर्षांची सगळी निगुती शेजाऱ्याच्या राशीत मिसळून जाते. सरकारी खरेदीतही तेच. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव ७५५० रुपये होता, मालदांडी ज्वारीचा ३४२१. सेंद्रियला वेगळा हमीभाव नाही. केंद्रावर आमची तूर घेतली तरी ती त्याच थप्पीत जाणार.

जे डोळ्यांना दिसत नाही ते कागदावर दाखवायचं, म्हणून प्रमाणीकरण आलं. आपल्याकडं त्याचे दोन रस्ते आहेत. एक 'एनपीओपी'चा. हा वाणिज्य मंत्रालयानं २००१ च्या सुमारास मुख्यतः निर्यातीसाठी घातला, त्याची देखरेख त्याच मंत्रालयाची 'अपेडा' ही संस्था करते आणि तपासणी त्रयस्थ संस्था. दुसरा 'पीजीएस'चा. तो कृषी मंत्रालयाचा, त्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात आणि एकमेकांची हमी घेतात. त्याला खर्च जवळजवळ नाही, पण तो देशातल्या देशात चालतो, निर्यातीला नाही. २०१७ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सेंद्रिय अन्नाचे नियम केले आणि 'जैविक भारत' हे चिन्ह आणलं. त्यात एक चांगली सूट आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक किंवा उत्पादक संस्था थेट ग्राहकाला माल विकत असेल, तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र मग ते चिन्ह वापरता येत नाही. बहुतेक शेतकऱ्यांना ही सूट ठाऊकच नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना दुकानदार विचारतो, "चिन्ह कुठाय?"

प्रमाणपत्र मिळण्याआधी रूपांतराचा काळ जावा लागतो. हंगामी पिकांना दोन वर्षं, फळबागांना तीन. ही दोन वर्षं सगळ्यात अवघड. खत-औषध बंद झालेलं, जमीन अजून सावरलेली नाही, उतार घटलेला आणि भाव मात्र नेहमीच्याच मालाचा. परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ मध्ये आली तेव्हा आमच्या भागात पन्नास-पन्नास एकरांचे गट धडाधड झाले. तीन वर्षं मदत मिळाली, गांडूळखताचे बेड आले, ड्रम आले, शिवारफेऱ्या झाल्या. चौथ्या वर्षी पैसा थांबला. माल तयार झाला होता तो त्याच वर्षी! त्यातले किती गट आज चालू आहेत ते तुम्ही आपापल्या गावी जाऊन पाहा. बेड दिसतील, त्यात कोंबड्या बसतात.

कागदाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण शहरात ती कुणी सांगत नाही. एनपीओपीमध्ये छोट्या शेतकऱ्यांना एकेकट्यानं तपासणीचा खर्च झेपत नाही, म्हणून पाचशेपर्यंत शेतकऱ्यांचा गट करता येतो. वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी या गटाचा खर्च एखादी कंपनी करायची आणि मग प्रमाणपत्रावर नावही तिचंच असायचं. शेत माझं, शेण माझं, तण काढून वाकलेली पाठ माझ्या आईची, आणि कागद कंपनीच्या कपाटात. तिनं माल घेतला तर तो सेंद्रिय, नाही घेतला तर साधा. जानेवारी २०२५ मध्ये एनपीओपीच्या नियमावलीची आठवी आवृत्ती आली, तिच्यात गटाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व हवं असं म्हटलंय. उशिरा का होईना, बरं झालं.

हे मी भोगलंय म्हणून बोलतो. एका कंपनीनं आम्हाला खपली गहू लावायला सांगितला. नाव घेत नाही. शहरात खपलीला मागणी वाढलीय, मधुमेहाचे लोक शोधत फिरतात, वगैरे. खपलीचा दाणा मळणीनंतरही टरफलात राहतो. साध्या गव्हासारखा तो मोंढ्यात नेऊन ओतता येत नाही, सडावा लागतो, त्याचं वेगळं यंत्र लागतं, आणि ते कंपनीकडं होतं. नमुना पास झाला. मार्चमध्ये मळणी झाली. एप्रिलमध्ये फोन उचलणारा माणूस बदलला. मेमध्ये नवा माणूस म्हणाला, सध्या आमच्याकडं स्टॉक आहे, थांबा. 'थांबा' हा शब्द शेतकऱ्यानं जितक्यांदा ऐकला असेल तितक्यांदा विठ्ठलाचं नावही नसेल घेतलं. आम्ही थांबलो. शेवटी निम्मा गहू टरफलासकट बैलांना घातला. बैल खूश होते.

निर्यातीकडं बोट दाखवणारे बरेच आहेत. तिथली अनिश्चितता आणखी लांबून येते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं भारतीय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेतली आणि बदलासाठी दीड वर्षाची मुदत दिली. २०२२ मध्ये त्याच देशानं भारतातून जाणाऱ्या सेंद्रिय सोयापेंडीवर जबर शुल्क बसवलं. त्यांच्या तक्रारी अगदीच खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. आपल्या सेंद्रिय व्यापारात बनवाबनवी आहे, ती आपल्यालाही ठाऊक आहे. पण वॉशिंग्टनमध्ये काढलेल्या आदेशाचा ताण वऱ्हाडातल्या आणि माळव्यातल्या सोयाबीनच्या ढिगावर येतो, आणि ज्यानं बनवाबनवी केली तो त्या ढिगाशेजारी उभा नसतो.

आता भावाचं गणित. 'सेंद्रिय डाळ एवढी महाग का? शेतकऱ्याला एवढे मिळतात का?' हा प्रश्न मला प्रत्येक सभेत येतो, तेव्हा आधीच उत्तर देऊन टाकतो. समजा, आमच्या गटानं शेतकऱ्याला तुरीचे क्विंटलला ९००० रुपये दिले. एक क्विंटल तुरीची डाळ धरा सत्तर किलो; बाकी चुरी, टरफल, घट. म्हणजे कच्च्या मालाचेच किलोमागे साधारण १२९ रुपये झाले. चुरी-टरफल जनावरांच्या खाद्यात जातं, त्याचे थोडे परत येतात. मग चाळणी, वाळवण, भरडाई, निवडाई, पाकीट, पुण्याचं भाडं. मोठी डाळमिल आमच्या दहा-वीस क्विंटलसाठी यंत्र धुऊन-पुसून देत नाही, आणि न धुता आमची तूर टाकली तर आधीच्या मालात मिसळते. म्हणून अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली 'पीकेव्ही मिनी दाल मिल' आम्ही घेतली. चांगलं यंत्र आहे, पण मोठ्या मिलसारखी चकचकीत डाळ निघत नाही. ग्राहक पाकीट उजेडाकडं धरून म्हणतो, जुनी दिसते. त्या चकाकीसाठी मोठ्या मिलमध्ये तेलाचा किंवा पाण्याचा हात फिरवलेला असतो, हे त्याला पाकिटावर कसं लिहून सांगायचं?

तरी इथपर्यंतचा सगळा खर्च मोजता येतो. वहीत न मावणारा खर्च पुढं आहे. दुकानदार माल ठेवून घेतो, पैसे विकल्यावर. ज्येष्ठात पाकिटं परत येतात, आत कीड झालेली असते. तीही शेतकऱ्याच्या खात्यावर.

भाजीचं तसं नसतं. शहरातले सेंद्रिय आठवडी बाजार भाजीवर चालतात, कारण मेथी सकाळी उपटली, दुपारी विकली, संध्याकाळी पैसे खिशात. नुकसान झालं तरी त्याच दिवशी कळतं. धान्याचं गणित वेगळं. तूर जानेवारीत निघते, ज्वारी फेब्रुवारी-मार्चात, आणि माणसं ती खातात वर्षभर. खळ्यापासून ताटापर्यंतचे हे आठ-दहा महिने कुणीतरी अंगावर घ्यावे लागतात. त्या काळात धान्य राखायचं, उंदीर सांभाळायचा, ओल सांभाळायची, आणि मुख्य म्हणजे पैसा अडकवून बसायचं. साध्या मालात हे काम व्यापारी करतो. त्याच्याकडं भांडवल असतं आणि गोळी असते, सल्फासची. पोती थप्पीला लावली, ताडपत्री टाकली, गोळ्या ठेवल्या की विषारी वायू सुटतो आणि कीड मरते. सेंद्रियला ती गोळी चालत नाही. कडधान्याचा भुंगा तर शेतातच शेंगेवर अंडी घालून दाण्याबरोबर घरात येतो; पोतं कितीही घट्ट शिवा, चोर आत आधीच बसलेला आहे.

बरं, शेतकऱ्यानं थांबावं म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजानं घ्या, भाव आल्यावर विका. योजना खरोखर उपयोगाची. पण गोदामात ठरावीक काळानं फवारणी होते, धुरी दिली जाते, आणि ती होणारच, कारण शेजारच्या थप्पीतली कीड कुणाची जात विचारत नाही. म्हणजे सेंद्रिय शेतकऱ्यानं तारण घेतलं, तर त्याचा माल सेंद्रिय राहत नाही. घरात ठेवला, तर तारण मिळत नाही. या एका फटीतून आमच्या गटातल्या निम्म्या शेतकऱ्यांचा माल दरवर्षी मार्चमध्येच साध्या भावानं मोंढ्यात जातो. मुलीचं लग्न, पीककर्जाची फेड, सगळं मार्चमध्येच येतं ना.

आमच्या सोलापूर भागात पूर्वी ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, कडेनं कडबा लावलेला, वर तोंड लिंपून बंद. आत हवा संपली की कीडही संपायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी दोरीनं कंदील सोडायचा, तो तेवत राहिला तर माणूस खाली. आजीनं हे सांगताना तिच्या आवाजात भीती असायची, कारण घाई करून उतरलेले लोक तिला आठवत होते. आता बाजारात हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचं तत्त्व तेच. आम्ही त्या वापरतो. एक उंदीर आणि एक भोक, एवढ्यावर ते तत्त्व संपतं, पण निदान आषाढ निघतो. शिवाय तूर तशीच न ठेवता लवकर भरडून टाकली तर भुंगा कमी लागतो. फुटलेल्या डाळीवर तो फारसा वाढत नाही. हे आमच्या बायकांना ठाऊक होतं. मला नऊ क्विंटल तूर गमावल्यावर कळलं.

आता तुमच्याकडं येतो. इथं पन्नाशी ओलांडलेली जी मंडळी बसली आहेत, त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात घरात काय चालायचं? गच्चीवर गहू वाळायचा. तांदूळ, डाळी, ज्वारी पोत्यानं यायची. एरंडेलाचा हात फिरायचा, कडुनिंबाचा पाला, बिब्बे, आणि मग सगळं पत्र्याच्या कोठ्यांत. बेगमी म्हणत होते त्याला. मला हल्ली वाटतं, बेगमी हे नुसतं घरकाम नव्हतं, धान्याच्या व्यापाराचा मोठा हिस्सा होता. लाखो घरं मार्च ते मे या काळात वर्षाचा पैसा एकदम मोजत होती आणि वर्षाची साठवण आपल्या अंगावर घेत होती. शेतकऱ्याच्या सुगीत शहराचा पैसा गावात येत होता. धान्य थांबायचं, पण ते तुमच्या घरी.

मग घरं लहान झाली, पगार महिन्याचा आणि खरेदी आठवड्याची झाली, दळलेलं पीठ पाकिटात आलं. मी उसासे टाकायला उभा नाही. गच्चीवरचा गहू कोण राखत होतं, कोठीत हात घालून कोण निवडत होतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या बाईला कुणी मजुरी दिली नाही. ती आता नोकरीला जाते, आणि तिनं पुन्हा उन्हात बसून सूप हलवावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण तिनं ते काम सोडल्यावर ते नाहीसं झालं नाही. साध्या धान्यात ते व्यापाऱ्यानं गोळीवर भागवलं. सेंद्रियमध्ये ते परत शेतकऱ्याच्या घरात येऊन पडलं, आणि तिथंही शेवटी बाईच्याच अंगावर. तुम्ही सेंद्रिय डाळीला जे जास्त मोजता, त्यातला मोठा वाटा शेणखताचा नाही, या राखणीचा आहे. फक्त तो राखणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

राष्ट्रीय सहकारी सेंद्रिय संस्था २०२३ मध्ये निघाली, तिचा 'भारत ऑरगॅनिक्स' हा ब्रँड आला. चांगलं आहे, मोठ्या संस्थेला साठवण आणि भांडवल दोन्ही जमू शकतं. तिचं काय होतं ते बघू. आम्हाला जवळचा वाटला तो मुंबई ग्राहक पंचायतीचा जुना रस्ता. १९७५ पासून तिथं शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याचा माल आधी मागवतात आणि एकत्र घेतात. मागणी आधी, माल नंतर. आम्ही महिन्याच्या जागी हंगाम घातला.

चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या चाळीस घरांशी बोलणं झालं. पेरणीआधी आम्ही बसतो, ज्वारी-तुरीचा भाव त्याच दिवशी ठरतो, घरं एक तृतीयांश रक्कम आगाऊ देतात. मार्च-एप्रिलमध्ये निम्मा माल, दिवाळीला उरलेला, तोवर तो आमच्याकडं हवाबंद. त्या आगाऊ रकमेतून मार्चमधली नड भागते, मोंढ्याकडं धावावं लागत नाही. ऐकायला छान आहे, म्हणून आता जे बिघडलं ते सांगतो.

२०२३ मध्ये बाजारात तुरीनं दहा हजारांचा टप्पा ओलांडला. आमचा ठरलेला भाव त्याखाली. गटातल्या तिघांनी तूर मोंढ्यात नेली. मी त्यांच्याशी भांडलो, पण घरी येऊन विचार केला तर त्यांना दोष देता येईना. आयुष्यभर भाव पडल्यावर कुणी हात दिला नाही आणि एकदा चढला तर म्हणे शब्द पाळा! पुण्याच्या घरांना आम्ही कमी तूर दिली आणि पैसे परत केले. पुढच्या वर्षी उलट झालं. ज्वारी काढणीला आली आणि अवकाळी पाऊस झाला. दाणा काळा पडला. मालदांडीचं सगळं रूप त्या मोत्यासारख्या पांढऱ्या दाण्यात आहे. काळवंडली की भाकरीही काळपट होते, चव मात्र फार बदलत नाही. अकरा घरांनी ती घेतली नाही. एक बाई फोनवर म्हणाल्या, "आगाऊ पैसे दिले ते चांगल्या ज्वारीचे दिले होते." त्यांचंही चूक नव्हतं. बाकीच्या घरांनी घेतली, त्यातल्या काहींनी तिची आंबील केली, काहींनी बहुधा कामवालीला दिली असेल. त्या अकरा घरांचे पैसे परत द्यायचे की नाही, यावर गटात अजून एकमत नाही. पाऊस पडला तर नुकसान कुणाचं, हे आम्ही पेरणीच्या वेळी ठरवलंच नव्हतं. कागदावर ते कसं लिहायचं हेही सुचत नव्हतं.

यंदा लिहिलंय. डागी ज्वारी झाली तर ठरलेल्या भावातून किती कमी, ते आकड्यात लिहिलंय. बाजार ठरलेल्या भावाच्या वर गेला तर शेतकऱ्याला किती वाढ, तेही. कुणीच पूर्ण खूश नाही. हुरड्याचं मात्र कुणाला काही लिहावं लागत नाही. डिसेंबरात शहरातून गाड्या भरून लोक येतात, प्रमाणपत्र न विचारता चुलाणाशेजारी बसून खातात आणि रोख मोजून जातात.

परवा रात्री आमच्याकडं बरा पाऊस झाला. दोन दिवसांत वाफसा येईल आणि मग ज्वारीच्या पेरणीला थांबता येत नाही. किती एकर पेरायची ते ठरवायला उद्या सकाळी गट बसणार आहे. आगाऊ रकमेची वही माझ्या पिशवीत आहे, तिच्यात आज दुपारपर्यंत सत्तावीस नावं झाली. प्रश्न असतील तर पंधरा मिनिटं थांबतो. साडेनऊची सोलापूर गाडी आहे.